मार्गदर्शन-लेखनाचे चार ‘अर्थ’ : जँगोच्या डॉक्युमेंटेशनच्या निमित्ताने

ललित, वैचारिक आणि शास्त्रीय अशी गद्याची विभागणी आपल्याकडे रूढ आहे. एखादी गोष्ट कशी करावी हे दुसऱ्यास सांगणाऱ्या गद्याला मात्र ह्या विभागणीत स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. पाककृती, शिवणाचे धडे, पूजाविधीची पोथी, यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका ही सर्व ह्याच कुळातली. रोजच्या व्यवहारात आपण ज्या गद्यावर सर्वांत अधिक विसंबतो, त्याच्याकडे भाषाभ्यासकांचे लक्ष सर्वांत कमी जावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. प्रस्तुत लेखात ह्या कुळातील एका आधुनिक शाखेचा, म्हणजे मुक्त संगणकप्रणालीबरोबर दिल्या जाणाऱ्या मार्गदर्शनपर लेखनाचा विचार करावयाचा आहे. असे लेखन सुधारते म्हणजे नेमके काय होते, आणि त्यातून मराठी गद्याला काय शिकता येईल, हे दोन प्रश्न येथे अभिप्रेत आहेत.

उदाहरणादाखल ‘जँगो’ ही प्रणाली घेतली आहे. संकेतस्थळ उभारताना काही कामे पुन्हा पुन्हा करावी लागतात : आलेली मागणी योग्य त्या भागाकडे पाठविणे, माहिती साठविणे व परत काढणे, वापरणाऱ्याची ओळख पटविणे, पान तयार करून धाडणे. ही कामे आधीच करून ठेवलेला सांगाडा म्हणजे वेब फ्रेमवर्क. जँगो हा पायथन ह्या संगणकभाषेत रचलेला असा सांगाडा आहे. त्याचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ ह्या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ मध्ये झाला. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे त्याचे आद्य कर्ते. जुलै २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला करण्यात आला आणि गिटारवादक जँगो राइनहार्ट ह्यांचे नाव त्यास देण्यात आले. २००८ पासून एक ना-नफा प्रतिष्ठान त्याचा सांभाळ करीत आहे. वृत्तपत्राच्या कचेरीत वाचक कोण आहे हे आधी विचारण्याची सवय असते. जँगोच्या लेखनाविषयी प्रथमपासून जी आस्था दिसते, तिचे एक मूळ ह्या जन्मस्थानात असावे असे मानण्यास जागा आहे.

येथे एका संज्ञेचा खुलासा करणे अवश्य आहे. ‘डॉक्युमेंटेशन’ ह्या शब्दासाठी ‘दस्तऐवजीकरण’ हा प्रतिशब्द वापरला जातो. परंतु मराठीत दस्तऐवज म्हणजे खरेदीखत, गहाणखत. पुरावा म्हणून जपून ठेवावयाचा कागद. म्हणून त्या शब्दाने घडलेल्या गोष्टीची नोंद सूचित होते, पुढे करावयाच्या गोष्टीचे मार्गदर्शन सूचित होत नाही. हा केवळ शब्दाचा कीस नव्हे. पुष्कळ प्रणालींचे लेखन बिघडते ते नेमके ह्याच गैरसमजामुळे. कर्ता आपण काय केले त्याची नोंद करतो. वाचकास हवे असते त्याने काय करावे हे. म्हणून ह्या लेखात ‘डॉक्युमेंटेशन’ हा रूढ शब्द ठेवून, त्याचे स्वरूप सांगताना ‘मार्गदर्शन-लेखन’ असे म्हटले आहे.

१

एखाद्या वाचकाची कल्पना करावी. बोलीभाषांचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी आहे; तिने गावोगाव हिंडून शब्द जमविले आहेत आणि ते सर्वांना शोधता येतील असे संकेतस्थळ तिला उभारावयाचे आहे. जँगोचा आरंभीचा पाठ तिने पुरा केला. आता तिला प्रत्येक शब्दापुढे ‘तालुका’ असा नवा रकाना जोडावयाचा आहे. रकान्यांच्या प्रकारांची संपूर्ण यादी असलेले संदर्भपान तिने काढले, त्यातील योग्य प्रकार निवडला, आणि आपल्या संहितेत एक ओळ वाढविली. पान उघडताच संगणकाने कळविले की ह्या नावाचा स्तंभ कोष्टकात नाही. ती पुन्हा संदर्भपानाकडे गेली. तेथे सर्व काही अचूक होते. तरीही तिचे काम अडले ते अडलेच.

अडले ह्यासाठी की संहितेत बदल करणे आणि प्रत्यक्ष कोष्टकात बदल करणे ह्या जँगोमध्ये दोन निराळ्या क्रिया आहेत. संहिता बदलल्यावर आधी एका आज्ञेने बदलाचा आराखडा तयार करावयाचा असतो आणि दुसऱ्या आज्ञेने तो कोष्टकावर लागू करावयाचा असतो. ही गोष्ट आरंभीच्या पाठात स्पष्ट सांगितलेली आहे. रकान्यांच्या यादीत ती असण्याचे कारण नाही, जसे शब्दकोशात वाक्य कसे रचावे हे असण्याचे कारण नाही. वाचिकेचा प्रश्न ‘हे कसे करावे’ असा होता. तिने ज्या पानास तो विचारला, ते पान ‘हे काय आहे’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देणारे होते. माहिती होती, ती खरी होती, परंतु प्रश्न आणि उत्तर ह्यांची जात जुळली नाही.

ह्या प्रसंगातील खरी हानी पुढेच आहे. असा वाचक लेखनास दोष देत नाही. तो स्वतःस दोष देतो. ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ असे म्हणून तो दूर होतो. विकत घेतलेल्या यंत्राच्या बाबतीत विक्रेत्याकडे दाद मागता येते. मुक्त प्रणाली कोणीही फुकट घ्यावी, वापरावी, बदलावी असा तिचा परवाना असतो, आणि शिकविणारा माणूस समोर नसतो. लेखन हाच तेथे एकमेव शिक्षक. तो शिक्षक नापास झाला तर परवान्याने दिलेले स्वातंत्र्य कागदावरच राहते.

२

जँगोच्या कर्त्यांनी ह्या अडचणीवर जो उपाय योजला तो भाषाभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. २००८ मध्ये १.० ही आवृत्ती सिद्ध होण्याच्या सुमारास त्यांनी आपले सर्व लेखन नव्याने लावले. त्यात जेकब कॅप्लन-मॉस ह्यांचा मोठा वाटा होता. ह्या मांडणीत चार दालने आहेत : नवशिक्याला हात धरून नेणारे पाठ, एकेका विषयाचे विवरण करणारी प्रकरणे, प्रत्येक घटकाचे काटेकोर वर्णन करणारे संदर्भ, आणि विशिष्ट काम पार पाडण्याच्या कृती. पुढे जँगोच्याच परिवारातील डॅनिएले प्रोचिदा ह्यांनी ह्या चतुर्विध विभागणीस तात्त्विक बैठक दिली. त्यांच्या मते वाचकाची गरज दोन अक्षांवर ठरते. एक अक्ष क्रिया व ज्ञान ह्यांचा. दुसरा शिकणे व केलेल्या शिक्षणाचा वापर करणे ह्यांचा. शिकण्यासाठी क्रिया म्हणजे पाठ. काम करताना क्रिया म्हणजे कृती. काम करताना ज्ञान म्हणजे संदर्भ. शिकण्यासाठी ज्ञान म्हणजे विवरण. ‘डायटॅक्सिस’ ह्या नावाने ही पद्धती आज अनेक प्रणालींनी स्वीकारली आहे.

मराठी व्याकरणाच्या अभ्यासकास ही विभागणी वाचताना आपल्या क्रियापदांच्या चार ‘अर्थां’चे स्मरण झाल्यावाचून राहत नाही : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. संदर्भाचे वाक्य स्वार्थी असते : ‘हा घटक अमुक मूल्य परत देतो.’ पाठाचे वाक्य आज्ञार्थी : ‘ही ओळ लिहा आणि पान पुन्हा उघडा.’ कृतीच्या मुळाशी संकेत असतो : ‘नकाशा दाखवावयाचा असेल, तर हे करावे.’ विवरणात औचित्याचा विचार येतो, म्हणजे विध्यर्थ : ‘मोठ्या यादीसाठी ही रीत वापरावी, कारण तिने कोष्टकाकडे जाणाऱ्या फेऱ्या वाचतात.’ हे साम्य ताणून धरण्यात अर्थ नाही. व्याकरणातील संकेतार्थ बहुधा न घडलेल्या गोष्टीविषयी असतो. येथे अट आणि फल एवढाच संबंध घ्यावयाचा आहे. तरीसुद्धा एक व्यावहारिक कसोटी त्यातून हाती येते. एखाद्या पानातील क्रियापदे अधोरेखित करावीत. स्वार्थाच्या ओघात अचानक आज्ञार्थ घुसला, किंवा आज्ञांच्या मालिकेत मध्येच कारणमीमांसेचा परिच्छेद आला, की तेथे दोन दालनांची भिंत पडली आहे असे समजावे. हे काम करण्यास संगणकशास्त्राचे ज्ञान लागत नाही, व्याकरणाचे लागते.

सर्वनामांची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. इंग्रजी पाठात ‘आपण आता हे करू’ आणि विवरणात ‘आम्ही ही रचना ह्या कारणासाठी निवडली’ ह्या दोन्ही ठिकाणी एकच सर्वनाम येते. श्रोत्यास पोटात घेणारे ‘आपण’ आणि त्यास वगळणारे ‘आम्ही’ हा भेद इंग्रजीत नाही, मराठीत आहे. पाठात ‘आपण’ हवे, कारण तेथे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वाटेने चालत असतात. रचनेचे समर्थन करताना ‘आम्ही’ हवे, कारण ती जबाबदारी कर्त्यांची आहे, वाचकाची नव्हे. अशा लेखनाचे मराठीत रूपांतर करू जाणाऱ्यास प्रत्येक वाक्यापाशी थांबून येथे बोलतो कोण हे ठरवावे लागते, आणि त्या ओघात मूळ लेखनातील संदिग्धताही उघडी पडते.

३

चार दालने केल्याने स्थाननिश्चिती होते. क्रमाचा प्रश्न राहतो. हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत आणि त्यांचा क्रम लाघवासाठी साधलेला आहे. एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत अनुवृत्तीने चालत येते. म्हणून क्रम मोडला तर अर्थच हरपतो. शास्त्र म्हणून ही रचना अजोड आहे. परंतु एखादे रूप सिद्ध कसे होते हे पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथभर विखुरलेली सूत्रे गोळा करावी लागतात. सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत तीच सूत्रे संज्ञा, संधी, सुबन्त, तिङन्त अशा प्रकरणांनुसार लावली, आणि त्यांचे शिष्य वरदराज ह्यांनी नवशिक्यांसाठी लघुसिद्धान्तकौमुदी सिद्ध केली. सूत्रे पाणिनीचीच, क्रम वाचकाच्या कामाचा. संदर्भग्रंथ आणि पाठ्यग्रंथ ह्यांतील भेद आपल्या वैयाकरणांनी किती खोलवर ओळखला होता, हे ह्यावरून दिसते. म्हणून ‘संदर्भ पूर्ण आहे, आता आणखी काय लिहावयाचे?’ असे म्हणणाऱ्या प्रणालीकाराला कौमुदीकडे बोट दाखवावे.

जँगोच्या पाठात क्रमाचा एक सुंदर उपयोग आढळतो. तेथे वाचक मतदानाचे एक छोटे संकेतस्थळ तयार करतो. दुसऱ्या भागात, एखादा प्रश्न गेल्या एका दिवसात प्रसिद्ध झाला की काय हे सांगणारा तुकडा त्याच्याकडून लिहवून घेतला आहे. ह्या तुकड्यात एक चूक आहे : भविष्यकाळातील तारीख असलेला प्रश्नही ‘नुकताच प्रसिद्ध झाला’ असे तो सांगतो. चूक तशीच राहू दिली आहे. पाचव्या भागात चाचण्यांचा विषय निघतो तेव्हा पाठ ह्या चुकीकडे वळतो, ती चाचणीने सिद्ध करून दाखवितो आणि मग दुरुस्त करवितो. चाचणी का लिहावी ह्यावर चार पाने विवरण देऊन जे साधले नसते, ते स्वतःच्या हातची चूक सापडल्याने साधते. पाठ म्हणजे माहितीचे संक्षिप्त रूप नव्हे, तो योजलेला अनुभव आहे, हे ह्या एका उदाहरणाने स्पष्ट व्हावे.

४

शब्दांच्या पातळीवर जँगोच्या लेखननियमांत एक सूचना आहे. काम सोपे आहे, सरळ आहे, केवळ इतके करावयाचे आहे, असे सुचविणारे शब्द शक्य तो टाळावेत, कारण वाचकाचा अनुभव तसा नसू शकतो आणि मग तो निराश होतो, असा तिचा आशय आहे. प्रथमदर्शनी ही शिष्टाचाराची बाब वाटेल. वस्तुतः ती अर्थविचाराची आहे. ‘सोपे’ हे विशेषण वस्तूचा गुण सांगत नाही; वस्तू आणि कर्ता ह्यांमधील संबंध सांगते. लेखकाला जे सोपे ते वाचकाला सोपे असेलच, असे गृहीत धरून तो शब्द वापरला जातो. मराठीत हा धोका विशेषणांपुरता मर्यादित नाही. ‘नुसते’, ‘फक्त’, ‘सहज’ हे तर आहेतच. शिवाय ‘अर्थातच’, ‘उघडच’, ‘की झालेच’ ह्यांतील ‘च’ हे एकाक्षरी अव्यय तेच काम करते. ‘एवढी ओळ लिहिली की झालेच’ हे वाक्य ज्याच्या बाबतीत ‘झाले’ नाही त्याला काय ऐकविते, ह्याचा विचार करावा. मार्गदर्शन-लेखनाची सुधारणा करू इच्छिणाऱ्याने प्रथम सर्व ‘च’ तपासावेत, ही सूचना विनोदाने केलेली नाही.

५

ह्या गद्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ते काळाने खोटे ठरते. निबंध जुना होतो. पण जुना झाला म्हणून चुकीचा होत नाही. येथे तसे नाही. एका कोष्टकातील नोंद दुसऱ्या कोष्टकातील नोंदीशी जोडताना, मूळ नोंद पुसली गेली तर जोडलेल्या नोंदीचे काय करावे हे सांगणारा एक घटक जँगोत आहे. पूर्वी तो दिला नाही तरी चालत असे. डिसेंबर २०१५ मधील १.९ ह्या आवृत्तीने, तो पुढे अनिवार्य होईल अशी पूर्वसूचना दिली आणि डिसेंबर २०१७ मधील २.० पासून तो अनिवार्य झाला. त्या दिवसापासून, त्यापूर्वी लिहिलेल्या कितीतरी पुस्तकांतील व टिपणांतील उदाहरणे जशीच्या तशी उतरविणाऱ्या नव्या वाचकास अपयश येऊ लागले. लेखकांनी खोटे लिहिले नव्हते. वाक्याखालची जमीन सरकली होती.

ह्यावर जँगोने दोन प्रकारची व्यवस्था केली आहे. पहिली, मार्गदर्शन-लेखन हे प्रणालीच्या संहितेबरोबर एकाच भांडारात ठेवले जाते, आणि नवी सोय जोडणाऱ्याने तिचे लेखन व तिच्या चाचण्याही बरोबर आणाव्यात अशी अपेक्षा असते. लेखनावाचून बदल पूर्ण मानला जात नाही. दुसरी, संदर्भात अमुक गोष्ट अमुक आवृत्तीत आली किंवा बदलली अशी खूण केली जाते, आणि वाचकास आपल्या आवृत्तीचे लेखन निवडता येते. पाठभेदांची नोंद करणाऱ्या संहितासंपादकास ही रीत परिचयाची वाटेल; फरक इतकाच की येथे सर्व पाठ आपापल्या काळापुरते प्रमाण आहेत.

मुद्रणदोषासारख्या किरकोळ दुरुस्तीसाठी आधी तक्रार नोंदविण्याचीही गरज तेथे ठेवलेली नाही. ह्यामुळे लेखनातील दुरुस्ती हे पुष्कळांच्या बाबतीत प्रणालीच्या कामात येण्याचे पहिले दार ठरते. नवशिक्याला जे दिसते ते तज्ज्ञाला दिसत नाही. जेथे तो अडखळला ती जागा त्याला ठाऊक असते. ते अज्ञान काही दिवसच टिकते, म्हणून ते ताजे असतानाच नोंदवून घेणे हितकर असते.

६

आता मराठीविषयी थोडे. जँगोत भाषांची जी यादी अंतर्भूत आहे तीत मराठी आहे. प्रणाली वापरणाऱ्यास दिसणारे संदेश मराठीत आणण्याची सोय तिने केलेली आहे. परंतु ‘हा रकाना भरणे आवश्यक आहे’ असा सुटा संदेश मराठीत आणणे निराळे आणि पन्नास पानांचा पाठ मराठीत लिहिणे निराळे. १९६० मध्ये राज्याच्या स्थापनेबरोबर भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश त्याने सिद्ध केले. त्या कामाचे मोल मोठे आहे. पण त्यानंतर ‘मराठी ज्ञानभाषा का होत नाही’ ह्या चर्चेत आपण बहुधा शब्दांपाशीच थांबलो. वरील विवेचन मान्य होत असेल तर हे दिसून येईल की अडचण शब्दांची कमी आणि प्रबंधरचनेची अधिक आहे. पाठ, कृती, संदर्भ आणि विवरण हे चार प्रकार वेगवेगळे लिहिण्याची सवय आपल्या शास्त्रीय गद्याला नाही. आपण बहुतेक सर्व काही विवरणाच्या सुरात लिहितो, प्रयोगवहीसुद्धा.

ही सवय मराठीच्या स्वभावात नाही असे मात्र नव्हे. पाककृतीचे मराठी पाहावे. ‘कांदा बारीक चिरून घ्यावा, तेल तापल्यावर मोहरी घालावी, ती तडतडली की कांदा परतावा.’ क्रम, अट, खूण आणि पुढची क्रिया ह्यांची अशी नेमकी गुंफण कोणत्याही तांत्रिक पाठाला आदर्श ठरावी. ‘तडतडली की’ ह्या दोन शब्दांत, केलेले बरोबर झाले हे ओळखण्याची खूण दिली आहे. आणि तांत्रिक लेखनातून सर्वांत जास्त गळणारी गोष्ट हीच असते. आज्ञा दिल्यावर पडद्यावर काय दिसले पाहिजे हे न सांगणारा पाठ म्हणजे मोहरी तडतडण्याचा उल्लेख नसलेली पाककृती.

भाषाविभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे संशोधनाचे मोकळे क्षेत्र आहे. एखाद्या मुक्त प्रणालीचा एक पाठ घ्यावा. तो ज्याने कधी पाहिला नाही अशा वाचकास शेजारी बसवून वाचावयास सांगावे. आपण काही न बोलता, तो कोठे थांबतो, कोणत्या वाक्याकडे परत जातो, हे टिपावे. मग त्या वाक्यांतील क्रियापदांचे अर्थ, सर्वनामे, अव्यये आणि गृहीत धरलेले पूर्वज्ञान तपासावे, दुरुस्ती सुचवावी, आणि दुसऱ्या वाचकाकडून ती पारखून घ्यावी. ह्या अभ्यासाचे फळ प्रबंधाच्या बांधणीत अडकून राहत नाही. दुरुस्ती स्वीकारली गेली, तर तिचा उपयोग दुसऱ्या दिवशी एखाद्या दूरच्या गावातल्या, शिक्षक नसलेल्या वाचकाला होतो. व्याकरणाच्या ज्ञानाचा इतका सरळ उपयोग होण्याचे प्रसंग आपल्या अभ्यासक्षेत्रात फार येत नाहीत. आलेला दवडू नये.